फलक उतरल्यानंतरची भिंत : लक्ष्मीपुरीतील एका दुरुस्तीच्या कामाचे परीक्षण

दुकानाचा किंवा कार्यालयाचा नामफलक बदलायचा ठरला की दरपत्रकात फलकाची लांबी-रुंदी, अक्षरांची जाडी, दिव्यांची संख्या आणि बसवण्याची मजुरी या सगळ्यांचा हिशेब येतो. जुना फलक उतरल्यावर जी भिंत उघडी पडते तिचा मात्र त्यात एका ओळीचाही उल्लेख नसतो. कोल्हापुरात पावसाळा भिंतींची खरी परीक्षा घेतो, त्यामुळे ही त्रुटी पहिल्याच मोसमात महागात पडते. लक्ष्मीपुरीतील ज्या व्यापारी इमारतीच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे, तिचे तीन जुने फलक उतरवून दर्शनी भाग दुरुस्त करण्याचे काम आम्ही गेल्या वर्षी एका छोट्या पथकाकडे सोपवले. आता त्यावरून एक पूर्ण पावसाळा गेला आहे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. पथकात उद्यमनगरातील एक फॅब्रिकेटर (फलक आणि त्यांच्या लोखंडी चौकटी बनवणारा), पाचगावचे एक अनुभवी गवंडी, एक रंगारी आणि त्यांचे मदतनीस होते. त्यांचा व्यवसाय पूर्णपणे ओळखीपाळखीवर चालतो, आणि खासगी माणसांची नावे व दूरध्वनी क्रमांक जाहीर करणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे येथे त्यांचा उल्लेख त्यांच्या कामावरूनच करतो. माझे मत आधीच सांगतो : भिंतीच्या आतले काम उत्तम, रंगकाम चांगले, आणि वेळापत्रक व सुरक्षितता या दोन बाबतींत सुधारणेला बराच वाव आहे.

फलक बदलण्याची वेळ अलीकडे अनेक इमारतींवर एकदम आली आणि त्याला कारणेही तशीच आहेत. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांचे चार बँकांत विलीनीकरण झाले आणि देशभरातील शाखांवरची जुनी नावे उतरू लागली. त्यानंतर २०२२ मध्ये राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरी फलक बंधनकारक झाला; मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, अशीही अट आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यावर आपल्याकडेही रेंगाळलेल्या अनेकांनी घाई केली. मराठी फलक लागले ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र त्या घाईत जुन्या चौकटीवरच नवा पत्रा ठोकला गेला, किंवा जुनी चौकट कापून शेजारी नवी भोके पाडली गेली, आणि भिंतीचा विचार कोणीच केला नाही.

आमच्या इमारतीची रचना समजल्याशिवाय पुढचे मुद्दे नीट कळणार नाहीत. तळमजला घडीव काळ्या पाषाणाचा आहे आणि त्याचे सांधे चुन्याने भरलेले आहेत. वरचे दोन मजले पुष्कळ नंतर चढवले गेले. ते विटांचे असून त्यांवर सिमेंटचा गिलावा आहे. दगड आणि वीट यांच्या मध्ये काँक्रीटचा पट्टा फिरवलेला आहे. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर पूर्वीच्या एका भाडेकरूने ग्रॅनाइटच्या लाद्या लावल्या होत्या. म्हणजे एकाच दर्शनी भागात दगड, गिलावा आणि ग्रॅनाइट अशा तीन जातींच्या पृष्ठभागांची दुरुस्ती करायची होती. इमारतीचे तोंड पश्चिमेला असल्याने नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा झोत थेट या भिंतीवर बसतो.

फलक उतरल्यावर जे दिसले ते बहुतेक इमारतींवर दिसते तसेच होते. पत्र्याखालचा रंग मूळच्या गडद पिवळ्या छटेत टिकून राहिला होता आणि भोवतालचा उन्हाने विटून फिका पडला होता, त्यामुळे उतरलेल्या फलकाची आकृती भिंतीवर ठसठशीत उमटली होती. जुन्या बँकेच्या नावाची सुटी अक्षरे जिथे बसवली होती, तिथे नाव जसेच्या तसे वाचता येत होते. फलकाच्या खालच्या कडेवरून पाणी टपकत असे, तिथे शेवाळाचा काळा-हिरवा पट्टा होता. वरच्या कडेमागे पारव्यांनी घरटी केली होती आणि त्यांच्या विष्ठेने गिलाव्याचा पृष्ठभाग खडबडीत झाला होता. पूर्वीच्या कारागिरांनी फलकाची चौकट भिंतीला धरून ठेवणारे काही अँकर बोल्ट ग्राइंडरने भिंतीशी सपाट कापून टाकले होते आणि वर पुट्टीचा हात फिरवला होता. त्या प्रत्येक जागी तांबूस ओघळ आणि त्याभोवती ताऱ्यासारखी फुटलेली भेग होती.

आम्ही आधी फलक बनवणाऱ्या दोन दुकानांकडे आणि एका रंगकाम ठेकेदाराकडे विचारणा केली. तिघांचेही उत्तर जवळपास सारखेच होते : भोके पुट्टीने बुजवून देऊ, वर दोन हात रंग देऊ, दोन दिवसांत काम संपेल. दर अर्थातच कमी होता. आतला बोल्ट काढणार का, पोकळ गिलावा पाडणार का, दगडाच्या सांध्यात काय भरणार, या प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तर नव्हते. कोणालाही नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचा व्यवसाय फलकाचा किंवा रंगाचा आहे आणि भिंत हा त्यांचा विषयच नाही. म्हणूनच जे पथक भिंत हाच आपला विषय मानते, त्याचे महत्त्व वाटते.

गवंडी पाहणीला आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त एक हातोडी, एक बारीक छिन्नी आणि खडू होता. हातोडीचा लाकडी दांडा उलटा धरून त्यांनी गिलाव्यावर हळूहळू ठोके द्यायला सुरुवात केली. भरीव जागी आवाज टणक येतो, गिलावा विटेपासून सुटला असेल तिथे तो बदबद येतो. असा आवाज आला की ते खडूने भोवती रेघ ओढत. काम संपले तेव्हा मोठ्या फलकाच्या जागेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खडूच्या रेषांनी वेढला गेला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जागी वरून डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. मग त्यांनी सपाट कापलेल्या एका बोल्टाभोवतीची पुट्टी छिन्नीने उडवली आणि मला जवळ बोलावले.

“साहेब, हितं नुसती पुट्टी भरून भागायचं न्हाई. आत बोल्ट हाय, त्यो गंजून परत फोडून बाहेर येतोय बघा.”

“मिस्त्री, मग बोल्ट पूर्ण निघेल का?”

“निघतोय की. जरा वेळ खाईल, पर निघतोय. न्हाईच निघाला तर आत कापायचा, वरच्या वर न्हाई.”

त्यांच्या या बोलण्यात दुरुस्तीचे सगळे शास्त्र आले. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. बंद भोकात त्याला फुगायला जागा नसल्यामुळे तो भोवतालचा गिलावा किंवा दगड फोडतो. त्यामुळे भिंतीशी सपाट कापलेला बोल्ट म्हणजे पुढे ढकललेले नुकसान असते. पथकाने जिथे शक्य होते तिथे अँकर ओढून काढले. जे निघाले नाहीत त्यांच्याभोवती खोल खळगा करून ते पृष्ठभागापासून सुमारे इंचभर आत कापले, उरलेल्या टोकावर जस्तयुक्त गंजरोधक लेप दिला आणि मगच भराव केला. स्क्रू पकडण्यासाठी भोकात ठोकलेल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्याही त्यांनी आत राहू दिल्या नाहीत, कारण गिट्टीभोवती मसाला धरत नाही आणि पुढे तिथून ओल शिरते. प्रत्येक भोक ब्रशने घासून, फुंकणीने धूळ काढून, पाण्याने ओले करून मग न आकसणारे ग्राउट, म्हणजे भोके भरण्याचा सिमेंटचा मसाला, तळापासून दाबत भरले गेले. तोंडाशी भरून मोकळे होणे सोपे असते, पण तसे केल्यास आत हवेची पोकळी राहते आणि पहिल्याच पावसात तिथे पाणी साठते.

पोकळ गिलावा त्यांनी वेडावाकडा फोडला नाही. कटरने चौकोनी रेषा मारून, आतला भाग विटेपर्यंत पाडून, कडा आतल्या बाजूला किंचित तिरक्या ठेवल्या, म्हणजे नवा गिलावा जुन्याला धरून राहतो. वीट आणि काँक्रीटचा पट्टा जिथे भेटतात तिथे जाळी ठोकली, कारण दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि तिथेच आडवी भेग पडते. गिलावा दोन थरांत केला : पहिला सुमारे १२ मिलिमीटरचा, रेघा मारून खरखरीत ठेवलेला, आणि तो आवळल्यावर दुसरा सुमारे ८ मिलिमीटरचा. त्यानंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. एप्रिलच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर पाणी मारण्यात एक दिवस जरी खंड पडला तरी केसासारख्या भेगा येतात. मदतनीसाने गोणपाट लावून भिंत ओली ठेवली, हे मी स्वतः पाहिले आहे.

दगडी तळमजल्याचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण चुकीची दुरुस्ती इथेच सर्वांत जास्त नुकसान करते. भवानी मंडपाच्या परिसरात, महाद्वार रोडवर किंवा जुन्या पेठांतून फिरताना काळ्या पाषाणाच्या किती भिंतींवर सिमेंटचे करडे डाग दिसतात, ते पाहावे. फलकासाठी भोक पाडले, फलक गेला, भोकात सिमेंट दाबले, सांधेही सिमेंटनेच भरले, असा तो इतिहास असतो. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कणखर असतो, पण भिंतीतली ओल दगडातून फारशी बाहेर पडत नाही. ती सांध्यांतल्या चुन्यातून श्वास घेते. सांध्यांवर घट्ट सिमेंट बसले की ती वाट बंद होते, ओल आत कोंडते, आतला चुना भुसभुशीत होतो आणि दगडांच्या कडांवर ताण येऊन त्यांचे टवके उडू लागतात. आमच्या भिंतीत एका जुन्या फलकाचे अँकर थेट दगडाच्या कोपऱ्यांत ठोकले होते आणि दोन दगडांचे कोपरे त्यामुळे फुटले होते.

गवंड्यांनी आधीच्या दुरुस्तीतले सिमेंट छिन्नीने, हाताने काढले. ग्राइंडर वापरला असता तर काम निम्म्या वेळात झाले असते, पण चाक दगडाच्या कडेला लागले तर ती जखम कायमची राहते. नंतर सांधे साफ करून त्यांत चुना, वाळू आणि सुरखी (विटेची भुकटी) यांचा मसाला भरला. चुन्यात सुरखी मिसळल्याने मसाला ओलसर हवेतही आवळतो, आणि कोल्हापुरात ते आवश्यकच आहे. कळीचा चुना आणून काही आठवडे आधीपासून पिंपात मुरत ठेवलेला होता. ही तयारी काम मिळण्याच्या आधीची होती, यावरून त्यांची या कामावरची निष्ठा दिसते. दगडातली भोके त्यांनी त्याच जातीच्या दगडाच्या गोल खुंट्या बसवून बंद केली आणि फटीत दगडाची भुकटी मिसळलेला मसाला भरला. उन्हात तीन पावलांवरून पाहिले तर खुंट्या दिसत नाहीत. हात फिरवला तर जाणवतात. फुटलेल्या कोपऱ्यांना त्यांनी भर घातली नाही. दगडाचा कोपरा मसाल्याने पुन्हा घडवला तर तो काही वर्षांत निखळतो आणि पदपथावरच्या माणसाच्या डोक्यावर पडण्याचा धोका राहतो, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

खांबांवरच्या ग्रॅनाइटची दुरुस्ती मात्र मनासारखी झाली नाही. लाद्यांवर दुहेरी चिकटपट्टीचे आणि सिलिकॉनचे थर होते. ते गरम हवेने मऊ करून, प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडून काढले. आम्ल वापरले नाही, हे चांगले केले. पण सिलिकॉनचे तेल लादीत मुरले होते आणि त्याची सावली अजूनही तिरप्या उजेडात दिसते. भोकांत भरलेले इपॉक्सी लादीच्या रंगापेक्षा थोडे काळपट आहे. रंग जुळवण्यासाठी त्यांनी नमुना करून दाखवला होता, पण तो ओला असताना दाखवला. वाळल्यावर आणि घासल्यावर छटा बदलली. ग्रॅनाइट किंवा काचेचा दर्शनी भाग असलेल्या इमारतीला मी या पथकाची शिफारस करताना हा मुद्दा आवर्जून सांगेन.

विजेच्या तारांकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. आमच्या जुन्या फलकांमागे तीन ठिकाणी तारांची टोके चिकटपट्टी गुंडाळून सोडलेली होती आणि त्यांतल्या एका तारेत वीजप्रवाह चालू होता. फलकातले दिवे सहसा १२ व्होल्टवर चालतात, पण त्यांच्या अडॅप्टरपर्यंत येणारी तार २३० व्होल्टची असते. ओल्या भिंतीत आणि लोखंडी चौकटीत ती जीवघेणी ठरू शकते. फॅब्रिकेटरने काम सुरू करण्याआधी परवानाधारक वायरमनकडून त्या तारा थेट वितरण पेटीपर्यंत मागे काढून घेतल्या आणि नव्या फलकासाठी एकच नळी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवली, म्हणजे पाणी तारेवरून आत वाहत जाणार नाही. वायरमनचा खर्च मूळ अंदाजात नव्हता, पण तो करायला लावल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आता रंगाविषयी. भोक बुजवलेल्या जागेपुरताच रंग द्यावा, अशी मागणी बहुतेक मालक करतात, आणि तिथेच घोटाळा होतो. डब्यावरच्या क्रमांकानुसार आणलेला रंग हा भिंतीच्या पहिल्या दिवसाचा रंग असतो, तर भोवतालची भिंत कित्येक उन्हाळे सोसून बदललेली असते. त्यामुळे ठिगळ जन्मभर ठिगळच दिसते. या पथकाच्या रंगाऱ्याने भिंतीच्या फिक्या भागाचा एक पापुद्रा काढून रंगाच्या दुकानातील यंत्रावर त्यावरून छटा जुळवली आणि नमुना भिंतीवर दोन ठिकाणी लावून तो वाळल्यावर सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात आम्हाला दाखवला. शिवाय रंग मधेच थांबवला नाही : गिलाव्यातल्या खाचेपासून खाचेपर्यंत, म्हणजे जिथे नजर आपसूक थांबते तिथपर्यंत, संपूर्ण पट्टा रंगवला. त्याआधी शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून, ब्रशने घासून, धुऊन टाकले होते. जिवंत शेवाळावर रंग दिला तर ते रंगासकट पोपडे धरून सुटते. दगडी भागावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, चुन्याचे सांधे वाहून जातील, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले.

एका बाबीवर ते अडून बसले आणि ते योग्यच होते. नवा गिलावा झाल्यावर सुमारे चार आठवडे रंग देणार नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते. ताज्या सिमेंटमधला क्षार आणि ओल बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो; त्याआधी दिलेला रंग फुगतो किंवा पांढरे डाग धरतो. नव्या भाडेकरूला अक्षय्य तृतीयेला उद्घाटन करायचे होते, त्यामुळे बरीच वादावादी झाली. शेवटी फलक आधी लावून, त्याखालचा पट्टा नंतर रंगवण्याची तडजोड झाली आणि ती निभावली. आपल्या शहरात फलक प्रामुख्याने गणपतीनंतर, दसरा-दिवाळीच्या तोंडावर बदलले जातात. त्या वेळी भिंती पावसाने चिंब झालेल्या असतात आणि दुरुस्तीसाठी तो काळ सर्वांत वाईट असतो. फेब्रुवारी ते एप्रिल, वळीव सुरू होण्याच्या आधीचा काळ या कामाला सर्वांत उत्तम, आणि ज्या मालकांना शक्य असेल त्यांनी भाडेकराराच्या तारखा त्यानुसार जुळवाव्यात असे मला मनापासून वाटते.

नवे फलक बसवण्याची फॅब्रिकेटरने सुचवलेली पद्धत मला फार आवडली. दगडाला आणि विटेला हात न लावता, मधल्या काँक्रीटच्या पट्ट्यावर त्यांनी गरम जस्ताचा मुलामा दिलेली एक कायमची लोखंडी पट्टी मोजक्या स्टेनलेस स्टीलच्या अँकरवर बसवली. यापुढे येणारा प्रत्येक फलक या पट्टीला नट-बोल्टने अडकवायचा, भिंतीत नवे भोक पाडायचे नाही. फलक आणि भिंत यांच्यात दीड इंचाची फट ठेवली आहे, म्हणजे हवा खेळती राहते आणि पाणी अडत नाही. फटीच्या तोंडाला पारव्यांसाठी जाळी आहे. अँकर गिलाव्यात नव्हे तर काँक्रीटमध्ये किती खोल गेला, हे त्यांनी प्रत्येक ठिकाणी मोजून दाखवले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात अजस्र जाहिरात फलक कोसळून १७ जणांचे प्राण गेले. त्या फलकाची आणि दुकानाच्या फलकाची तुलना होत नाही, परंतु वळिवाच्या वाऱ्यात पोकळ गिलाव्यात अडकवलेला पत्रा सुटून खाली येणे आपल्या बाजारपेठांतही सहज शक्य आहे.

उणिवांकडे वळतो. परांची पदपथावर उभारताना हिरवी जाळी लावली होती, परंतु वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका मदतनीसाकडे पट्टा असूनही तो बांधलेला नसे आणि शिरस्त्राण तर कोणीच नियमित वापरत नव्हते. आम्ही दोनदा काम थांबवायला लावले. इतके जाणकार पथक या बाबतीत इतके निष्काळजी असावे, याचे वाईट वाटते. सिमेंट काढताना उडालेल्या धुळीची पूर्वसूचना तळमजल्यावरच्या कापड दुकानाला दिली नव्हती. त्यांचे दर्शनी कपाटातले काही कापड खराब झाले आणि त्याची भरपाई पथकाने कुरकुर न करता बिलातून वजा करून दिली, हे नोंदवले पाहिजे. गवंडी एकाच वेळी दुसरीकडेही काम घेत असल्याने मधले काही दिवस नुसतेच गेले. दरपत्रक एका चिठ्ठीवर आले. कोणत्या जागी कोणता मसाला, किती क्षेत्रफळ, काय समाविष्ट आणि काय नाही, हे आम्हाला मागून लिहून घ्यावे लागले.

खर्चाचे सांगायचे तर, दुरुस्तीचा एकूण खर्च तिन्ही नव्या फलकांच्या खर्चाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका झाला आणि पहिल्या अंदाजापेक्षा तो थोडा वाढला. वाढ मुख्यतः पोकळ गिलाव्यामुळे आणि वायरमनमुळे झाली. जुन्या चौकटींचे लोखंड आमच्यासमोर वजन करून भंगाराच्या भावाने बिलातून वजा केले, ही पारदर्शकता मला भावली. फक्त पुट्टी आणि रंग देणाऱ्यांच्या दरापेक्षा हा खर्च अडीच-तीन पट होता, आणि तरीही मी पुन्हा हाच पर्याय निवडेन.

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा परांची न लावता, शिडीवरून आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून पाहणी केली. गिलाव्याच्या दुरुस्तीत एकही भेग नाही, गंजाचा एकही नवा ओघळ नाही. दगडाचे सांधे घट्ट आहेत. एका ठिकाणी, पावसाच्या पाण्याच्या नळाजवळ, चुना थोडा झिजला आहे, पण त्याचे कारण गळका नळ आहे. दुसऱ्या मजल्याच्या उत्तर कोपऱ्यात हातभर जागेत रंग फुगला होता. कळवल्यावर रंगारी आठवड्याभरात आला, पापुद्रा काढून ओल कुठून येते ते त्याने आधी शोधले, खिडकीच्या छज्ज्याची फट बंद केली आणि मगच पुन्हा रंग दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. दोन पावसाळ्यांची तोंडी हमी त्यांनी दिली होती. आमच्या आग्रहावरून ती बिलावरही लिहून दिली आहे.

जुन्या दगडी किंवा गिलाव्याच्या इमारतीसाठी, विशेषतः शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, महाद्वार रोड या भागांतील मालकांसाठी, हे किंवा अशा धर्तीचे पथक शोधणे योग्य ठरेल. ते निवडताना तीन प्रश्न जरूर विचारावेत : कापलेला बोल्ट आत ठेवणार की काढणार, दगडाच्या सांध्यात काय भरणार, आणि गिलाव्यानंतर रंगासाठी किती दिवस थांबणार. आम्ही यापुढील प्रत्येक भाडेकरारात दोन अटी घातल्या आहेत. फलक फक्त कायमच्या पट्टीलाच अडकवायचा, आणि जाताना भिंत पूर्ववत करण्याच्या खर्चापोटी अनामत रकमेचा ठरलेला भाग इमारतीकडे राहील. पहिल्या मजल्यावरील नव्या भाडेकरूने या अटींवर सही केली आहे. ग्रॅनाइटच्या खांबांचे काम मात्र येत्या फेब्रुवारीत दुसऱ्या कारागिराकडून करून घेणार आहोत.